डोकेदुखी : आधी कारण ओळखा, मग गोळी घ्या

या पत्रिकेतून आम्ही आजवर बेणेप्रक्रिया, पट्टा पद्धत, खोडवा व्यवस्थापन, हुमणीचा बंदोबस्त असे विषय आपल्यापुढे मांडत आलो. या वेळी उसाबद्दल न लिहिता ऊस पिकविणाऱ्या माणसाच्या डोक्याबद्दल लिहीत आहोत. त्याला कारणही तसेच आहे. गट ऑफिसात, प्लॉटच्या बांधावर, वजनकाट्यापाशी सभासद भेटतात. तोडीची तारीख, बिल, पाणीपाळी अशी विचारपूस होते आणि बोलता बोलता हात कपाळाकडे जातो. "साहेब, आठ दिवस झाले, डोकं नुसतं जड पडलंय." लगेच शेजारचा खिशातून पाकीट काढतो आणि एक गोळी पुढे करतो. पाण्याच्या तांब्याबरोबर गोळीही हातोहात फिरते. गळीत हंगामात तर हे रोजचेच झाले आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. शेतकी पदविका घेतलेल्या माणसाने डोक्याचा इलाज काय सांगावा, असे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे रास्तच आहे. म्हणून औषधांबद्दल पुढे जे लिहिले आहे, ते जाणत्या डॉक्टरांना विचारूनच लिहिले आहे. पण एक गोष्ट आमच्या कामातलीच आहे. उसाचा पाला पिवळा पडला की पुष्कळजण पहिल्यांदा युरियाचे पोते फोडतात. तो पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा, म्हणजे केवड्याचा असेल, तर युरियाने भागत नाही. हिराकस द्यावे लागते. मुळाशी पाणी तुंबले असेल तर चर काढावा लागतो. हुमणीने मुळ्या खाल्ल्या असतील तर वरून खत घालून उपयोग काय? लक्षण एकच, पण कारणे निरनिराळी. डोकेदुखीचेही तसेच आहे. कारण न पाहता रोज गोळी घेणे म्हणजे पिवळ्या उसाला डोळे झाकून युरिया घालणे होय. फरक इतकाच, की तिथे पोत्याचे पैसे जातात आणि इथे पोट, मूत्रपिंड आणि सगळा संसार पणाला लागतो.

ताणाची डोकेदुखी कशी ओळखावी?

डोकेदुखीचे प्रकार पुष्कळ आहेत, परंतु सर्वांत जास्त आढळणारी ती ताणाची डोकेदुखी. आपले लोक तिचे वर्णन बरोबर करतात. "डोकं जड पडलंय", "कपाळाला कुणी पट्टा आवळलाय", "मानेपासून वरपर्यंत ओढल्यासारखं होतंय." ही डोकेदुखी बहुधा डोक्याच्या दोन्ही बाजूंना असते. ती दाबल्यासारखी, आवळल्यासारखी वाटते. त्रास होतो, पण माणूस काम करू शकतो. चालल्याने किंवा जिना चढल्याने ती वाढत नाही. उलटी होत नाही. अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत ती कितीही वेळ राहू शकते. मान, खांदे आणि कानशिले दाबली तर तिथे दुखरे गोळे लागतात.

अर्धशिशी, जिला डॉक्टर मायग्रेन म्हणतात, ती वेगळी. तिथे माणूस "ठणकतंय", "घण पडतायत" असे म्हणतो. ती बऱ्याच वेळा एका बाजूला असते, मळमळ किंवा उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. हालचाल केली की ती वाढते, म्हणून माणूस अंधाऱ्या खोलीत पडून राहतो. औषध न घेतल्यास ती ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालते. तेव्हा डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते "डोकं दुखतंय" म्हणू नका. ठणकते की आवळते, एका बाजूला की दोन्हीकडे, उलटी होते की नाही, हे आपल्याच शब्दांत सांगा. निम्मे निदान तिथेच होते. साध्या ताणाच्या डोकेदुखीला डोक्याचा फोटो, म्हणजे सिटी स्कॅन, बहुधा लागतच नाही. डॉक्टरांनी नीट विचारपूस केली आणि तपासले तर पुष्कळदा तेवढ्यावर भागते.

हा त्रास आपल्याच भागाला आहे असे नाही. २०१६ सालच्या जागतिक आजारांच्या अंदाजानुसार ताणाच्या डोकेदुखीचा त्रास जगात सुमारे १८९ कोटी माणसांना होता. शेजारच्या कर्नाटकात बंगळूर शहर आणि त्याभोवतीच्या खेड्यांत घरोघर फिरून एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात एकदा तरी डोके दुखलेली माणसे त्यात शंभरात सुमारे ६४ निघाली. सुमारे ३५ जणांना ताणाची डोकेदुखी होती आणि सुमारे २५ जणांना अर्धशिशी. म्हणजे दहा घरांची वस्ती घेतली तरी हा आजार तिथे असणारच. आपण लाजण्याचे किंवा "मलाच का?" म्हणण्याचे कारण नाही.

दुखते ते नेमके कुठे?

पूर्वी डॉक्टर असे मानत की, मान आणि कपाळाचे स्नायू आखडले की डोके दुखते. १९६२ साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने या दुखण्याला स्नायू आखडल्याची डोकेदुखी असेच नाव दिले होते. पुढे स्नायूंचे मोजमाप झाले, तेव्हा असे दिसले की डोके दुखणाऱ्या पुष्कळांचे स्नायू फारसे आखडलेले नसतात, पण दाबले की दुखतात मात्र जास्त. १९८८ साली डेन्मार्कचे मेंदूविकारतज्ज्ञ येस ओलेसन यांच्या अध्यक्षतेखालील आंतरराष्ट्रीय समितीने डोकेदुखीचे पद्धतशीर वर्गीकरण केले आणि जुने नाव बदलले.

आजची समजूत साधारण अशी आहे. मान, खांदे, कपाळ येथील स्नायूंकडून मेंदूकडे वेदनेच्या सूचना जात असतात. कधीतरी त्रास झाला तर दोष मुख्यतः या स्नायूंचा. परंतु महिनोन्‌महिने रोज दुखत राहिले तर मेंदूतील वेदना जाणणारी यंत्रणाच हळवी बनते. मग एरवी ज्याने दुखले नसते, त्यानेही दुखू लागते. झोप कमी, काळजी जास्त, गोळ्या जास्त, असे झाले की हा हळवेपणा आणखी वाढतो. म्हणून "हे सगळं मनाचं आहे, त्याला काही झालेलं नाही" असे घरच्यांनी म्हणू नये. दुखणे खरे असते. पट्टा दिसत नाही म्हणून तो आवळलेला नाही, असे नव्हे.

महिन्यातून १५ दिवसांपेक्षा कमी दिवस दुखत असेल तर ते अधूनमधूनचे दुखणे. १५ किंवा त्याहून जास्त दिवस, आणि तेही तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालले, तर ते जुनाट दुखणे. ही हद्द लक्षात ठेवा. जुनाट दुखण्याला घरगुती उपाय पुरत नाहीत. डॉक्टर गाठावाच लागतो.

आपल्याकडची कारणे

पुस्तकात कारणे पुष्कळ दिली असतील. आमच्या कार्यक्षेत्रात फिरताना आम्हाला जी दिसतात, ती अशी :

१) डोक्यावरचे ओझे. तोडणी मजूर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. आपल्या भगिनी वाढ्यांचा, वैरणीचा भारा डोक्यावरून आणतात. मान दिवसभर ताठ धरावी लागते. संध्याकाळी कवटीच्या मुळाशी दुखू लागते आणि तेच वर चढते. भारा दोन खेपांत आणणे, जाड चुंबळ वापरणे, जमेल तिथे गाडा किंवा सायकल वापरणे, एवढ्यानेही फरक पडतो.

२) रात्रीचे पाणी. पंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की माणूस बारा वाजता बॅटरी घेऊन शेतात जातो आणि पहाटे येतो. सकाळी पुन्हा धारा, दूध, कामे आहेतच. अशा आठवड्यात दुपारी दोन तास झोप घेणे हा आळस नाही, औषध आहे. घरातल्या दोघा-तिघांनी पाळ्या वाटून घ्याव्यात.

३) रिकामे पोट आणि चहा. चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार असे उपवास आपल्याकडे असतात. पोटात अन्न नसले की डोके दुखते, हे डॉक्टरांच्या वर्गीकरणातही नमूद आहे. उपवास जरूर करा, पण दूध, फळे, भगर, शेंगदाणे असे काहीतरी वेळेवर खा. दिवसभर नुसत्या चहावर राहू नका. चहाचे आणखी एक आहे. रोज आठ-दहा कप पिणाऱ्याने तो एकदम सोडला तरी दुसऱ्या दिवशी डोके धरते. कमी करायचा तर रोज एकेक कप कमी करा.

४) ऊन आणि तहान. मार्च-एप्रिलमध्ये खोडव्याच्या बगला फोडताना, पाचट पसरताना माणूस घामाने निथळतो आणि पाणी मात्र जेवताना पितो. बांधावर घागर भरून ठेवा आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा.

५) डोळे आणि बैठक. चाळिशी उलटली की जवळचे दिसेनासे होते. सातबारा, पासबुक, मोबाईलवरचा संदेश डोळे बारीक करून वाचला की कपाळ दुखते. एकदा चष्म्याचा नंबर काढून घ्या. ट्रॅक्टर चालविणाऱ्यांनी तासाभराने खाली उतरून मान व खांदे मोकळे करावेत. रात्री अंथरुणात मान वाकडी करून मोबाईल पाहण्याची सवय तरुण मंडळींना लागली आहे, तीही मोडलेली बरी.

६) काळजी. हिच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

दोन गैरसमज मात्र इथेच दूर करतो. डोके दुखले म्हणजे बी.पी. वाढले, असे बहुतेक लोक समजतात. खरे तर रक्तदाब फार म्हणजे फारच वाढल्याशिवाय डोके दुखत नाही. उलट वाढलेला रक्तदाब कित्येक वर्षे काहीही न दुखता आत नुकसान करीत राहतो. म्हणून डोके दुखो अथवा न दुखो, चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. दुसरा गैरसमज सायनसचा. नाक चोंदलेले नाही, घट्ट शेंबूड नाही, ताप नाही, तरी "मला सायनस आहे" म्हणणाऱ्या पुष्कळांना प्रत्यक्षात ताणाची डोकेदुखी किंवा अर्धशिशी असते.

फवारणीनंतरची डोकेदुखी ही ताणाची नव्हे

हा भाग आमच्या खात्याचा असल्यामुळे जरा जोर देऊन सांगतो. कीटकनाशक हाताळताना किंवा फवारल्यानंतर काही तासांत डोके दुखू लागले, तर "उन्हानं दुखत असेल" म्हणून गोळी घेऊन पुन्हा पंप पाठीवर घेऊ नका. क्लोरपायरीफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे कातडीतून आणि श्वासातून अंगात जातात. डोकेदुखी, मळमळ, अंगाला घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंगातील स्नायू फडफडणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसपेक्षा जास्त जण दगावले.

अशा वेळी काम ताबडतोब थांबवा. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा. दूध पाजणे, मीठ-पाणी देऊन ओकारी काढणे असले प्रकार करू नका. औषधाचा डबा किंवा बाटली लेबलसकट बरोबर घेऊन दवाखाना गाठा, म्हणजे कोणते विष आहे हे डॉक्टरांना लगेच कळेल. लेबलावर लाल त्रिकोण असेल तर औषध अत्यंत विषारी समजावे. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणी करताना हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे वापरावेत, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, रिकाम्या पोटी फवारू नये आणि मध्येच तंबाखू मळू नये, हे आम्ही दर वर्षी सांगतो. याही वर्षी सांगत आहोत.

गोळीचे गणित

आता मुख्य मुद्दा. गोळी वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. कधीतरी डोके दुखले आणि पॅरासिटामॉल घेतले तर त्यात काही चूक नाही. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या एका वेळी पुरतात. पुढची मात्रा घेण्यापूर्वी चार ते सहा तास जाऊ द्यावे लागतात. चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल हद्द आहे. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर ही हद्द पुष्कळ खाली येते. अशांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सर्दी-खोकल्याच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही घेतल्या तर नकळत मात्रा दुप्पट होते.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या पोटात जखमा करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. उन्हात काम करून अंगातील पाणी कमी झालेले असताना त्या घेतल्या तर हा धोका वाढतो. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी तर स्वतःच्या मनाने या गोळ्यांना हातही लावू नये. डेंग्यूच्या दिवसांत ताप आणि डोकेदुखी एकत्र असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये, कारण रक्तस्राव होण्याची भीती असते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुष्कळांना माहीतच नाही. डोकेदुखीच्या गोळ्या वारंवार घेतल्याने डोकेदुखीच वाढते. साधी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, अथवा कॅफिन वगैरे मिसळलेली संयुक्त गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले, तर गोळीमुळे होणारी डोकेदुखी जडू शकते. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, दुखले की पुन्हा गोळी. जमीन सुधारावी म्हणून पाणी वाढवत जावे आणि पाण्यानेच ती चोपण व्हावी, तशातला हा प्रकार. म्हणून आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त दिवस गोळी लागत असेल तर थांबून विचार करा.

आमच्या माहितीतील एका सभासदाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. पाच एकर ऊस, दोन म्हशी, मुलगा कॉलेजात. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात तोड लांबली, उसाला तुरे आले, वजन घटले, सोसायटीचा हप्ता थकला. तेव्हापासून डोके धरू लागले. गावातल्या दुकानातून मिसळीची गोळी सुरू झाली. आधी आठवड्यातून एक, मग रोज एक, पुढे सकाळी एक आणि संध्याकाळी एक. अधूनमधून सुई टोचून घेणे, सलाईन लावणे हेही झाले. दीड वर्षाने पोटात आग पडू लागली, शौचाला काळे होऊ लागले, तेव्हा घरच्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पोटातला रक्तस्राव आटोक्यात आणला आणि सगळी चौकशी करून सांगितले, "तात्या, आता तुमचं डोकं काळजीनं कमी आणि गोळीनं जास्त दुखतंय." गोळी पूर्ण बंद केली. पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले. डोके इतके दुखे की दोनदा दुकानापर्यंत जाऊन परत आले. मालकीणबाईंनी दुकानदाराला सांगूनच ठेवले होते, द्यायची नाही म्हणून. हळूहळू उतार पडला. दोन महिन्यांनी महिन्यातले तीन-चार दिवसच दुखू लागले. परवा प्लॉटवर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, गोळीचे पैसे मोजले असते तर एक पोतं डीएपी आलं असतं." आम्हाला त्या पोत्यापेक्षा त्यांच्या पोटातली जखम भरली याचे समाधान जास्त वाटले.

रोज गोळ्या घेणाऱ्यांनी त्या सोडायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या त्यात असतील तर त्या एकदम बंद करणे धोक्याचे असते.

मग उपाय काय?

पहिला उपाय नोंद. उसाच्या लागणीची नोंद आपण देता, तशी डोक्याची नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोके दुखले त्या तारखेला फुली करा आणि गोळी घेतली त्या तारखेला फुलीभोवती गोल करा. रात्रपाळीचे पाणी, उपवास, जागरण असेल तर तेही दोन अक्षरांत लिहा. दोन महिन्यांत कारण आपोआप डोळ्यांसमोर येते. डॉक्टरांनाही तेच पान दाखवा.

दुसरा उपाय मान-खांद्यांचा व्यायाम. ताठ बसा. दोन्ही खांदे कानांकडे उचला, पाच आकडे मोजा, एकदम सैल सोडा. हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे ओढा, पाच आकडे थांबा, सोडा. मान सावकाश उजवीकडे, मग डावीकडे वळवा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मान गरागरा फिरवू नका किंवा कडकडा मोडून घेऊ नका. न्हाव्याकडे मान मोडून घेण्याची हौस काहींना असते; ती सोडून द्यावी. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

तिसरा उपाय अंग सैल सोडण्याचा. अमेरिकेत शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी यावर १९२९ साली ग्रंथ लिहिला. पद्धत सोपी आहे. उताणे पडा. दोन्ही मुठी पाच-सात सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि अर्धा मिनिट ते सैलपण जाणून घ्या. त्यानंतर दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पाय असे एकेक करीत जा. श्वास सावकाश, मिनिटाला सहा-सात. आपल्या शवासनाचेच हे भावंड म्हणा. रोज पंधरा मिनिटे, निदान दोन महिने तरी करावे. चार दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडू नये.

चौथे घरगुती उपाय. मानेला गरम पाण्याच्या फडक्याचा शेक द्यावा, खांद्यांना हलक्या हाताने तेल चोळावे. पुदिन्याच्या अर्काचा उपयोग होतो असे १९९६ साली जर्मनीतील चाचणीत दिसून आले आहे, तेव्हा कपाळाला बाम लावणे हा नुसता मनाचा खेळ नाही. सुंठेच्या लेपाने गरम वाटते, पण कातडी नाजूक असेल तर ती पोळते. डोळ्यांपासून दूर ठेवावा.

पाचवा उपाय जुनाट दुखण्यासाठी, आणि तो डॉक्टरांच्या हातचा. ॲमिट्रिप्टिलीन नावाचे औषध रात्री थोड्या मात्रेत देतात. जुनाट डोकेदुखीवर त्याचा गुण येतो हे १९६४ साली ऑस्ट्रेलियातील लान्स आणि करन या डॉक्टरांनी दाखविले. हेच औषध मोठ्या मात्रेत उदासीच्या आजारावर देतात, म्हणून "मला वेड्याची गोळी दिली" असे समजून काहीजण ती फेकून देतात. तसे करू नये. ती दुखल्यावर घ्यायची नसून रोज घ्यायची असते आणि गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. सुरुवातीला तोंड कोरडे पडते, गुंगी येते. तेवढे दिवस ट्रॅक्टर व मोटारसायकल जपून. काचबिंदू, लघवी अडणे किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे.

काळजीचे काय करायचे?

"साहेब, व्यायाम करू, पण ऊस फडातच उभा आहे त्याचं काय?" हा प्रश्न खराच आहे. तोड, बिल, कर्ज, लेकीचे लग्न, मुलाची नोकरी या काळज्या शवासनाने जात नाहीत, हे आम्हालाही समजते. पण काळजीचे दोन भाग करता येतात. ज्यावर काही करता येते तो एक, आणि ज्यावर करता येत नाही तो दुसरा. पहिल्यासाठी हातपाय हलवावेत. लागण तारीख, गट नंबर, क्षेत्र आपल्या नोंदीत बरोबर आहे का, हे गट ऑफिसात समक्ष येऊन पाहावे. पारावरच्या बातमीवर विश्वास ठेवण्यापेक्षा शेतकी मदतनिसाला विचारावे. कर्जाचा आकडा मनात घोळवत ठेवण्यापेक्षा कागदावर मांडून सोसायटीच्या सचिवाशी बोलावे. ज्या आकड्याची धास्ती वाटते, तो कागदावर उतरला की निदान त्याचे तोंड तरी दिसते.

आणि घरात बोला. पुरुषमाणसाने काळजी सांगू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. ती डोक्यावर येते. भगिनी तर सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरले तर खातात आणि कपाळाला फडके बांधून पुन्हा कामाला लागतात. त्यांनी एकदा रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. रक्त कमी असले तरी डोके दुखते.

झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही, जगण्यात अर्थ नाही असे वाटते, अशी अवस्था असेल तर ती नुसती डोकेदुखी राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही फोन करावा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. शेजाऱ्याला असे काही होत असल्याचे जाणवले तर त्याच्याजवळ बसावे, एकटे सोडू नये.

या वेळी वाट पाहू नका

पुढीलपैकी काहीही दिसले तर ती ताणाची डोकेदुखी समजू नये आणि लगेच मोठा दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

१) वीज पडल्यासारखी एकदम सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी.
२) तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे, बोबडी वळणे. इथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते.
३) ताप, मान ताठणे, भ्रम किंवा झटके.
४) डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी. म्हाताऱ्या माणसांत मार लागून काही आठवडे झाले असले तरीही.
५) पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः कानशील हुळहुळणे, चावताना जबडा दुखणे, दृष्टी मंद होणे.
६) दिवसेंदिवस वाढत जाणारी, पहाटे उलटीसह जागे करणारी डोकेदुखी.
७) गरोदर बाईची डोकेदुखी, त्यातून डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज असेल तर अधिकच घाई करावी.
८) बंद खोलीत शेगडी किंवा इंजिन चालू असताना एकाच वेळी अनेकांची डोकी दुखणे. हा विषारी वायूचा प्रकार असतो. सर्वांना आधी बाहेर काढावे.
९) फवारणीनंतरची डोकेदुखी, ज्याबद्दल वर लिहिलेच आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, हे पान कापून घरात कॅलेंडरशेजारी लावावे, ही विनंती. खिशातले गोळ्यांचे पाकीट दुसऱ्यापुढे करताना "कशानं दुखतंय?" एवढे तरी आधी विचारावे. गोळी देणे सोपे असते, चौकशी करायला दोन मिनिटे जास्त लागतात. गळिताचे दिवस धावपळीचे आहेत. आपला ऊस आम्ही नेऊच. तोवर आपण वेळेवर जेवा, पाणी प्या, झोप घ्या आणि या महिन्यापासून कॅलेंडरवर फुल्या करायला लागा. पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाबद्दल लिहू.

— ऊस विकास अधिकारी, शेती खाते